ग्रंथालयाचे सोयरे

ज्या माणसाचे आयुष्य कामगार संघटनेत गेले त्याला ग्रंथालयावर बोलायला का उभे केले, असे गेल्या वसंतात या मांडवात पुष्कळांस वाटले असेल. आम्हांसही वाटले. पण चिटणीसांनी विषय उलगडून सांगितला तेव्हा आमची भीड चेपली. विद्यापीठाच्या ग्रंथालयाभोवती नागरिकांची जी स्नेहमंडळे जमतात ती काय करतात आणि ती का असावीत, एवढेच सांगायचे होते. मंडळ म्हटले की सभासद आले, वर्गणी आली, पावतीपुस्तक आले, वार्षिक सभा आली आणि त्या सभेत चहाच्या खर्चावर अर्धा तास उभा राहणारा एक चिकट म्हातारा आला. या सर्वांची आम्हांस तीस वर्षांची सवय आहे. त्या व्याख्यानात घाईने जे बोललो तेच येथे सवडीने लिहीत आहोत.

आपल्याकडे सार्वजनिक वाचनालय ही वर्गणीवर उभी राहिलेली संस्था. पुण्याचे नगर वाचन मंदिर १८४८ चे, ठाण्याचे मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ चे, मुंबईचे १८९८ चे. तेथे गावातला माणूस वर्गणी भरतो आणि पुस्तक घरी नेतो. देणेघेणे सरळ आहे. विद्यापीठाच्या ग्रंथालयाचे तसे नाही. ते सरकारी अनुदानावर आणि विद्यार्थ्यांच्या फीवर चालते आणि विद्यार्थी-प्राध्यापकांसाठी चालते. गावकऱ्याला त्याचा घुमट तेवढा दिसतो. मग ज्या ग्रंथालयाकडून हक्काने एक पानही मिळायचे नाही, त्याच्यासाठी वर्षाला चार पैसे बाजूला काढणारी माणसे कोण? तीच ही स्नेही मंडळी. पॅरिसच्या राष्ट्रीय ग्रंथालयाभोवती असे मंडळ १९१३ साली निघाले. ऑक्सफर्ड विद्यापीठाच्या बॉडलियन ग्रंथालयाचे स्नेहमंडळ १९२५ चे, आणि त्याच साली अमेरिकेत हार्वर्डमध्येही निघाले. आज पाश्चात्त्य देशांत थोड्याफार जुन्या अशा प्रत्येक विद्यापीठात ते असते म्हटले तरी चालेल.

अशा मंडळाचे वर्ष कसे जाते पाहा. थंडीत एखादे व्याख्यान, उन्हाळ्यात जुन्या हस्तलिखितांचे प्रदर्शन, मध्येच दहा-पंधरा सभासदांना तळघरातल्या बांधणीखात्यात नेऊन फाटक्या पोथीला पाठ कशी लावतात ते दाखवणे, आणि यंदा ग्रंथालयात काय नवीन आले याचे चार पानी पत्रक. वरवर पाहता हा फुरसतीचा उद्योग आहे. पण त्याचे खरे मोल लिलावाच्या दिवशी कळते. एखाद्या जुन्या घराण्याने दुर्मीळ ग्रंथ विकायला काढला म्हणजे हातोडा पडायला दिवस थोडे असतात. सरकारी मंजुरीची फाइल तेवढ्यात एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावरसुद्धा जात नाही, हे ज्याने कधी थकीत भत्त्यासाठी मंत्रालयाचे जिने झिजवले त्याला सांगायला नको. अशा वेळी हाताशी रोख पैसा असलेले आणि चार दारे ठोठावायला तयार असलेले एक मंडळ लागते.

मंडळ १९२५ चे असले तरी गोष्ट तीनशे वर्षांहून जुनी आहे. ऑक्सफर्डच्या विद्यापीठाचे जुने ग्रंथालय १४८८ साली उघडलेले. पुढे १५५० च्या सुमारास धर्मसुधारणेच्या वावटळीत त्यातले ग्रंथ गेले, आणि १५५६ साली विद्यापीठाने तेथील रिकामी बाकेसुद्धा विकून टाकली. चाळीस वर्षे ते दालन उजाड होते. मग टॉमस बॉडली नावाचा निवृत्त राजदूत पुढे आला आणि हे दालन आपण पुन्हा उभे करून देऊ असे त्याने १५९८ साली विद्यापीठाला लिहिले. त्याची पत्नी श्रीमंत विधवा होती. तिच्या पहिल्या नवऱ्याने मासळीच्या व्यापारात पैसा केला होता. तेव्हा जगातल्या एका थोर ग्रंथालयाच्या पायात खारवलेल्या मासळीचा पैसा आहे, हे आमच्या कोकणच्या मित्रांनी लक्षात ठेवावे. बॉडलीने आत्मवृत्तात आपले भांडवल मोजून सांगितले आहे. थोडी विद्या, थोडा पैसा, भरपूर सवड आणि पुष्कळ प्रतिष्ठित मित्र. चौथ्या रकमेवर त्याचा सर्वांत अधिक भरवसा होता असे आम्हांस दिसते, कारण त्याने कोणालाही सोडले नाही. सरदार, धर्मगुरू, राजदूत, सर्वांकडून त्याने ग्रंथ किंवा पैसे काढले. आणि त्यासाठी एक युक्ती केली. दात्यांची नावे लिहिण्यासाठी चर्मपत्राची एक भलीमोठी वही करवून ती येणाऱ्याजाणाऱ्याच्या नजरेस पडेल अशी ग्रंथालयात ठेवली. आपल्याकडे गणपतीच्या मांडवात वर्गणीदारांची यादी फळ्यावर लावतात आणि तिच्याकडे बघत बघत मागचा माणूस पाचाचे दहा करतो, तोच हा न्याय. ग्रंथालय ८ नोव्हेंबर १६०२ रोजी उघडले तेव्हा तेथे सुमारे दोन हजार ग्रंथ होते.

पुढे १६१० साली बॉडलीने लंडनच्या मुद्रक-प्रकाशकांच्या संघाशी करार केला, की छापलेल्या प्रत्येक नव्या पुस्तकाची एक प्रत ग्रंथालयाला फुकट यावी. पण माणूस मोठा सोवळा. नाटके आणि पंचांगे म्हणजे कचरा, तो आपल्या ग्रंथालयात नको, असे त्याने ग्रंथपालाला बजावले होते. त्याच वेळी लंडनमध्ये शेक्सपिअर जिवंत होता आणि नाटके लिहीत होता! बॉडली १६१३ साली वारला. दहा वर्षांनी, १६२३ साली, शेक्सपिअरच्या नाटकांचा पहिला मोठा संग्रह छापून निघाला. त्याला फर्स्ट फोलिओ म्हणतात. कराराप्रमाणे एक प्रत ऑक्सफर्डला आली, १६२४ च्या फेब्रुवारीत बांधणीला गेली आणि साखळीने बांधून फळीवर लागली. त्या काळी मोठे ग्रंथ साखळीनेच बांधून ठेवीत. वाचायचा तो तेथेच वाचायचा.

आता मौज पाहा. तिसरी फोलिओ आवृत्ती १६६४ च्या सुमारास निघाली तेव्हा नवी आली म्हणून जुनी प्रत जादा ठरवून ग्रंथालयाने ती काढून टाकली. जादा पुस्तकांच्या एका गठ्ठ्यात ती गेली, आणि ऑक्सफर्डच्या एका पुस्तकविक्रेत्याने तो सबंध गठ्ठा चोवीस पौंडांना घेतला, असे मानतात. त्यानंतर अडीचशे वर्षे त्या प्रतीचा पत्ता नव्हता. २३ जानेवारी १९०५ रोजी टरबट नावाचा एक विद्यार्थी घरातले एक जुने पुस्तक काखेत मारून बॉडलियनमध्ये आला. बांधणी सैल झाली आहे, काय करावे, एवढेच त्याला विचारायचे होते. उपग्रंथपाल मॅडन आणि त्यांचे सहायक गिब्सन यांनी पुस्तक उलटून पाहिले. पुठ्ठ्याच्या कडेला साखळीची कडी उपटल्याची खूण होती. बांधणीच्या आतले कागद आणि चामड्यावरची नक्षी पाहून गिब्सनने ओळखले, की हा आपल्याच घरातून गेलेला मुलगा आहे.

या प्रतीतली एक गोष्ट आम्हांस फार आवडते. पूर्वीच्या विद्यार्थ्यांनी ती इतकी वाचली, की काही पाने बोटांनी आणि कोपरांनी झिजून गेली आहेत. सर्वांत झिजलेले पान कोणते? रोमिओ आणि ज्युलिएटच्या सज्जातल्या प्रवेशासमोरचे. धर्मशास्त्र आणि तर्कशास्त्र घोकायला आलेली ती पोरे चाळीस वर्षे कोठे कोपर टेकून बसत होती, याची नोंद कोणत्याही वहीत नाही. ती त्या कागदावर आहे.

टरबट घराणे काही फार सधन नव्हते. थोड्याच महिन्यांत एका ग्राहकाने नाव गुप्त ठेवून त्या प्रतीला तीन हजार पौंड देऊ केले. हा ग्राहक म्हणजे अमेरिकेतल्या स्टँडर्ड ऑइल कंपनीतले एक बडे गृहस्थ, हेन्री फोल्जर. बॉडलियनने एका पुस्तकासाठी याच्या जवळपासची रक्कमही कधी मोजली नव्हती. पण टरबटांची नियत चांगली. तेवढीच रक्कम तुम्ही ३१ मार्च १९०६ पर्यंत उभी करा, पुस्तक तुमचे, असे त्यांनी सांगितले. ग्रंथपाल निकल्सन यांनी वर्तमानपत्रांतून हाक दिली. डॉ. विल्यम ऑस्लर हे नामांकित वैद्य नुकतेच ऑक्सफर्डला आले होते, त्यांनीही खटपट केली. कोणी मोठी रक्कम दिली, पुष्कळांनी लहान लहान दिल्या, आणि मुदत संपता संपता तीन हजार पौंड भरले. पुस्तक घरी आले. संप-निधीचा डबा घेऊन ज्यांनी फाटकासमोर पाळी सुटायची वाट पाहिली आहे, त्यांना त्या मार्च महिन्यातले निकल्सनचे रात्रीचे हिशेब समजतील.

फोल्जर साहेब हात चोळीत बसले असे मात्र समजू नये. त्यांनी पुढे एकेक करीत फर्स्ट फोलिओच्या ब्याऐंशी प्रती विकत घेतल्या. त्यांच्या पैशाने वॉशिंग्टनला १९३२ साली उघडलेल्या ग्रंथालयात त्या आहेत. ब्याऐंशी मिळाल्या, ती एक मिळाली नाही.

या गोष्टीची दुसरी पाळी अलीकडची आहे. ही प्रत इतकी नाजूक, की ती कोणाच्या हाती देता येईना. तेव्हा २०१२ साली पुन्हा लोकांना हाक दिली. वीस हजार पौंड जमवून प्रत्येक पानाची छायाचित्रे घ्यायची आणि जगात कोणालाही ती फुकट पाहता येतील अशी ठेवायची. पैसे जमले आणि २०१३ च्या एप्रिलपासून ती सबंध प्रत कोणीही आपल्या घरच्या पडद्यावर पाहू शकतो. ते झिजलेले पान आम्ही आमच्या मुलीच्या मोबाईलवर पाहिले. साखळीने बांधलेले पुस्तक असे सुटायला तीनशे नव्वद वर्षे लागली.

गंमत म्हणून एक समारंभही सांगून टाकू, कारण स्नेहमंडळाच्या बातमीपत्रात समारंभ असायचाच. ग्रंथ वाढत गेले म्हणून ऑक्सफर्डने १९३७ ते १९४० या काळात रस्त्यापलीकडे नवी इमारत बांधली. खर्चाचा मोठा भाग अमेरिकेच्या रॉकफेलर प्रतिष्ठानने उचलला. युद्ध आडवे आले म्हणून उद्घाटन १९४६ साली. राजे सहावे जॉर्ज आले, हातात रुप्याची किल्ली दिली, त्यांनी ती कुलपात फिरवली आणि किल्ली मोडली! मग आतून दार उघडावे लागले. या इमारतीचा स्थापत्यकार जाइल्स गिल्बर्ट स्कॉट. याचे आजोबा जॉर्ज गिल्बर्ट स्कॉट यांनी आपल्या मुंबई विद्यापीठाच्या ग्रंथालयाचा आणि राजाबाई टॉवरचा आराखडा केला होता. तेथे मात्र वर्गणीचा प्रश्न आला नाही. १८६४ साली प्रेमचंद रायचंद या एका शेटजींनी कापसाच्या तेजीत ग्रंथालयाला दोन लाख आणि टॉवरला दोन लाख रुपये दिले. तेजी बसली, शेटजी बुडाले, आणि टॉवर १८७८ साली पुरा झाला. शेटजींच्या दातृत्वाला आमचा नमस्कार आहे. पण एका माणसाने बांधून दिलेल्या वास्तूला आश्रयदाता मिळतो, सोयरे मिळत नाहीत. टॉवरखालून रोज लाखो माणसे जातात. त्यांतल्या कितीजणांना आत एक ग्रंथालय आहे आणि त्याच्याशी आपला काही संबंध असू शकतो असे वाटते?

येथपर्यंत वाचून कोणी म्हणेल, की ही श्रीमंतांची हौस आहे. या आक्षेपात तथ्य आहे आणि आम्ही तो टाळणार नाही. जेन ऑस्टिन या इंग्रज लेखिकेच्या एका अपुऱ्या कादंबरीचे, ‘द वॉटसन्स’चे, हस्तलिखित २०११ साली लिलावात आले आणि बॉडलियनने ते ९,९३,२५० पौंडांना घेतले. त्यातला फार मोठा वाटा राष्ट्रीय वारसा-निधीचा होता. स्नेहमंडळ हे इतर देणाऱ्यांपैकी एक. म्हणजे आजच्या किमतींत सभासदांच्या वर्गणीने हातोडा थांबत नाही, हे कबूल केले पाहिजे. वर्गणीचा उपयोग दुसरा. इतकी माणसे पाठीशी आहेत हे दाखवले म्हणजे मोठी तिजोरी उघडते.

आणि मित्र कोणाकोणाचे, हाही प्रश्न आहेच. नेपाळचे महाराज चंद्र शमशेर यांनी १९०९ साली ऑक्सफर्डला सहा हजारांवर संस्कृत हस्तलिखिते भेट दिली. ती काशीला जमवलेली होती. ती तेथे नीट राहिली, त्यांच्या याद्या झाल्या, हे चांगले झाले. पण काशीचा विद्यार्थी ती पाहायला समुद्रापार जाणार, आणि त्याला तेथे परका वाचक म्हणून नाव नोंदवावे लागणार. ज्याच्या अंगणातली विहीर, त्यानेच पाणी मागून प्यायचे.

बॉडलियनला बाहेरच्या वाचकाला अर्ज करून प्रवेश मिळतो, एवढे मात्र खरे. त्याला एक शपथ मोठ्याने म्हणावी लागते, की मी ग्रंथांना इजा करणार नाही आणि येथे आग किंवा ज्योत पेटवणार नाही. या आगीच्या भीतीपायी त्या जुन्या इमारतीत १८४५ पर्यंत ऊब देण्याची सोय नव्हती आणि १९२९ पर्यंत कृत्रिम प्रकाश नव्हता. इतिहासकार हे कौतुकाने सांगतात. आम्ही संघटनेतली माणसे, आमच्या डोक्यात दुसरेच येते. दिवा नाही म्हणजे दिवस मावळला की दार बंद. जो दिवसा कामावर असतो त्याने केव्हा यावे?

याचे उत्तर वेल्सच्या खाणकामगारांनी आपल्यापुरते दिले. दक्षिण वेल्समधल्या दगडी कोळशाच्या खोऱ्यांत, गेल्या शतकाच्या पूर्वार्धात, गावोगाव खाणकामगारांची सभागृहे होती आणि बहुतेकांत एक ग्रंथालय असे. पगारातून ठरावीक पेनी कापून घेतली जाई. कोणती पुस्तके घ्यायची ते कामगारांची समिती ठरवी, आणि पाळी संपवून अंघोळ केलेला माणूस येईल त्या वेळी दार उघडे असे. ट्रेडेगर गावच्या अशाच एका ग्रंथालयात अन्युरिन बेव्हन हा खाणीतला पोरगा वाचायला शिकला. म्हणजे अक्षरे शाळेत शिकला, वाचायला तेथे शिकला. पुढे तो आरोग्यमंत्री झाला आणि १९४८ साली ब्रिटनची राष्ट्रीय आरोग्यसेवा त्याने सुरू केली. उत्तर वेल्समध्ये तर पाटीच्या दगडाच्या खाणीतल्या मजुरांनी आपल्या तुटपुंज्या मजुरीतून वर्गणी काढून बँगोरच्या विद्यापीठ-महाविद्यालयाला हातभार लावला. ते १८८४ साली उघडले. त्यांतल्या बहुतेकांची मुले तेथे जाणार नव्हती हे त्यांना ठाऊक होते.

मग खाणी बंद पडू लागल्या. खाण बंद झाली की सभागृह बंद, सभागृह बंद की पुस्तके रद्दीत. जुन्या पुस्तकांचे व्यापारी मोटारी घेऊन येत आणि वजनावर नेत. तेव्हा स्वान्सी विद्यापीठातल्या काही अभ्यासकांनी खाणकामगार संघटनेच्या साथीने खोऱ्याखोऱ्यांतून फिरून उरलेली पुस्तके, ठरावांच्या वह्या, मोर्चात मिरवलेले भरजरी झेंडे गोळा केले आणि म्हाताऱ्या कामगारांच्या तोंडच्या आठवणी ध्वनिफितींवर घेतल्या. त्यातून १९७३ साली दक्षिण वेल्स खाणकामगार ग्रंथालय उभे राहिले. ते विद्यापीठाचे ग्रंथालय आहे, पण त्यातला ऐवज विद्यापीठाने विकत घेतलेला नाही. कामगारांनी पेनी पेनी करून आधीच घेतलेला आहे. विद्यापीठ आणि गाव यांचे नाते कसे असावे याचा याहून चांगला नमुना आमच्या माहितीत नाही. शेक्सपिअरची प्रत परत आणणे मोठे काम खरेच. पण ती प्रत कोठे ना कोठे राहिलीच असती. ट्रेडेगरची ठरावांची वही रद्दीत गेली असती तर तिची ब्याऐंशी काय, दुसरी प्रतसुद्धा नव्हती.

बेल्जममधल्या लूव्हेनचे उदाहरण या विषयावरच्या व्याख्यानांत हटकून येते, म्हणून आम्हीही थोडक्यात देतो. जर्मन सैन्याने तेथले विद्यापीठ-ग्रंथालय १९१४ च्या ऑगस्टमध्ये जाळले. सुमारे तीन लाख ग्रंथ गेले. मँचेस्टरच्या रायलँड्स ग्रंथालयाच्या गपी नावाच्या ग्रंथपालाने ठिकठिकाणच्या ग्रंथालयांकडून आणि व्यक्तींकडून पंचावन्न हजारांवर ग्रंथ जमवून पाठवले. अमेरिकेतल्या शाळा-महाविद्यालयांनी आणि लहानथोर संस्थांनी वर्गणी करून नवी इमारत दिली. देणाऱ्यांची नावे तिच्या दगडांवर कोरलेली आहेत. १९४० च्या मे महिन्यात ती पुन्हा जळाली. या वेळी नऊ लाख ग्रंथ. पुन्हा उभी केली. आणि एवढे सर्व झाल्यावर १९६८ नंतर डच बोलणारे आणि फ्रेंच बोलणारे यांच्या भांडणात विद्यापीठच दुभंगले, तेव्हा सम क्रमांकाची पुस्तके एकाकडे आणि विषम क्रमांकाची दुसऱ्याकडे अशी वाटणी पुष्कळ ग्रंथांची झाली! दोन भाऊ वेगळे निघताना ताटे-वाट्या मोजतात तशी. सोयऱ्यांनी दिलेली भांडी असली म्हणून घरचे भांडण थांबत नाही.

आता थोडे आमचे. आमचे वडील गिरणीत साचेखात्यात होते. १९८२ च्या १८ जानेवारीला मुंबईचा संप सुरू झाला तेव्हा आम्ही बारा वर्षांचे होतो. अडीच लाख कामगारांचा तो संप, त्याचे पुढे काय झाले ते सर्वांस ठाऊक आहे. आमचे झाले ते एवढे, की सातवीनंतर शाळा सुटली. पुढचे जे काही वाचले ते संघटनेच्या कचेरीतल्या एका लोखंडी कपाटातून. १९९५ च्या सुमारास एका कज्ज्यात आम्हांस १९३१ च्या व्हिटले आयोगापुढच्या साक्षी पाहायच्या होत्या. जॉबर लोक कामावर घेताना मजुराकडून किती दस्तुरी उकळीत याचा त्यात पुरावा आहे. खंड एका विद्यापीठाच्या ग्रंथालयात होते. खिडकीवरच्या कारकुनाने विचारले, “कोणत्या कॉलेजचे?” आम्ही म्हणालो, “कॉलेजचे नाही, युनियनचे.” त्याने खिडकी लावून घेतली. दाराशी बसलेला शिपाई चतुर्थश्रेणीच्या संघटनेत होता. तो हळूच म्हणाला, “दादा, उद्या अकराला या. मोठे साहेब स्वतः येतात तेव्हा.” दुसऱ्या दिवशी ग्रंथपालांनी आम्हांस आपल्या खोलीत बसवले, तीन दिवसांची चिठ्ठी लिहून दिली, आणि आम्ही एक्केचाळीस पाने हाताने उतरून घेतली. आम्ही आत गेलो ते कोणाच्या तरी भलेपणामुळे. आमच्यामागून येणाऱ्याला तो शिपाई भेटेलच असे नाही.

दुसरी गोष्ट जास्त बोचते. गिरण्या गेल्यावर आमच्या जुन्या शाखेची भाड्याची खोली सोडावी लागली. नऊ पत्र्याच्या ट्रंका होत्या. हजेरीपटांच्या नकला, हस्तपत्रके, संप-निधीची पावतीपुस्तके, बदली कामगारांच्या तक्रारींच्या वह्या, अंगठ्यांनी भरलेली निवेदने. आम्ही त्या एका विद्यापीठाला देऊ केल्या. जागा नाही आणि यादी नाही, असे उत्तर आले. यादी नव्हती हे खरे. ट्रंका एका मित्राच्या माळ्यावर टाकल्या. पावसाळ्यात एकदा भिंत झिरपली, वाळवी लागली, आणि आम्ही पाहायला गेलो तेव्हा पाच ट्रंकांत तपकिरी माती होती. यात दोष त्या विद्यापीठाचा जेवढा, तेवढाच आमचा. गिरणीच्या फाटकावर आम्ही अठरा वर्षे पहारे केले, माळ्यावर एक दिवस चढलो नाही.

उरलेल्या चार ट्रंकांपायी आम्ही एकोणीस माणसे आता जमलो आहोत. तीन जुने गिरणी-कामगार, दोन शिक्षिका, एक निवृत्त मुद्रितशोधक, एक शिंपी, बाकी असेच. महिना शंभर रुपये. आमच्या इथल्या विद्यापीठाच्या ग्रंथालयाने तळमजल्यावर एक खोली दर शनिवारी वापरायला दिली आहे. काम कंटाळवाणे आहे. मऊ ब्रशाने धूळ काढायची, गंजलेल्या टाचण्या कागद न फाटता सोडवायच्या, चिकटपट्टी कधीही लावायची नाही, कागद आम्लरहित पाकिटात घालायचा, वर क्रमांक टाकायचा, वहीत नोंद करायची. एक ट्रंक पुरी व्हायला सात महिने लागले. मधल्या काळात चार व्याख्याने झाली. पावती-पुस्तके कशी वाचावीत यावरच्या व्याख्यानाला सर्वांत अधिक माणसे आली, आणि कवितेच्या व्याख्यानाला सर्वांत कमी. कारण काय असेल ते असो.

पहिल्याच सभेत आम्ही एक नियम मंजूर करून घेतला, त्यावर मात्र वाद झाला. ग्रंथालयातल्या पगारी नोकराचे कोणतेही काम मंडळाचा सभासद करणार नाही. २०१० नंतर ब्रिटनमध्ये सरकारने खर्च कापला तेव्हा शेकडो सार्वजनिक वाचनालये बंद पडली, आणि कित्येक गावकऱ्यांच्या गळ्यात घातली गेली: तुम्ही इतके मित्र ना, मग तुम्हीच चालवा. मायेपोटी लोक ती चालवतातही. पण कोणाची तरी जागा रद्द झाल्यावाचून ती फुकटची खुर्ची रिकामी झालेली नसते. शिंपीकाकांचे म्हणणे असे, की भाकरी थापायला जाऊन शेजारणीच्या चुलीचे भाडे विचारू नये. त्यांचे मत नोंदवून नियम मंजूर झाला.

आमची एकच मागणी आहे. विद्यापीठाच्या बाहेरच्या माणसासाठी वाचनालयात एक टेबल, संध्याकाळी सहा ते नऊ, आणि त्या तीन तासांसाठी एका पगारी सहायकाची नेमणूक. ग्रंथपालांची शिफारस गेली आहे. फाइल कुलसचिवांच्या कचेरीत आहे. चौकशीला आम्ही दर पंधरवड्याच्या सोमवारी जातो, आणि ज्यांना बरोबर यायचे असेल त्यांनी साडेदहाला मुख्य फाटकाशी उभे राहावे.